दुसऱ्या खुर्चीवर कोण?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



बोलायला सांगताना संयोजकांनी एकच अट घातली, राजकारण नको. भूम, परंडा, कळंब तालुक्यांत तीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढलेल्या माणसाला ही अट म्हणजे आचाऱ्याला मिठाचं नाव काढू नको म्हटल्यासारखं आहे. म्हणून मी अमेरिकेपासून सुरुवात करतो. तिथलं बोललं तर इथं कुणाला लागणार नाही.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार स्वतः निवडतो आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतात. आपल्याकडे राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका वेगळ्या. राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडतात, उपराष्ट्रपतींना फक्त खासदार. २००२ साली शेजारच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उपराष्ट्रपतिपदाला उभे होते. भैरोंसिंह शेखावतांना ४५४ मतं पडली, शिंदेसाहेबांना ३०५. त्यात राष्ट्रपती अब्दुल कलामांनी जोडीदार निवडायचा प्रश्नच नव्हता.

तर तिकडे जोडीदार कसा निवडतात? १९६० साली जॉन केनेडी उभे राहिले. वय त्रेचाळीस, उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सचे, त्यात कॅथलिक. दक्षिणेत मतं कमी पडतील ही धास्ती. म्हणून त्यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन घेतले, जे उमेदवारीसाठी त्यांच्याच विरोधात होते. आपल्या भाषेत सांगायचं तर पलीकडच्या वाड्यातला माणूस पॅनेलमध्ये घेतला. टेक्सास मिळालं, निवडणूकही जिंकली. हा झाला मतांचा हिशोब.

दुसरा हिशोब तीन वर्षांनी लागला. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींना गोळी घातली. सव्वादोन तासांच्या आत, विमानातच, जॉन्सन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. मतांसाठी घेतलेला हा माणूस कामाला पक्का होता, सिनेटमध्ये पक्षाचा नेता राहिलेला. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्याच्याच कारकिर्दीत झाला.

आता योगायोग बघा. केनेडी गेले त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, आपले मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर असताना वारले. आपल्याकडे तेव्हा उपमुख्यमंत्री नव्हताच. पी. के. सावंतांनी हंगामी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. पुढे ते अकरा वर्षांहून जास्त टिकले, ही गोष्ट वेगळी.

उपमुख्यमंत्री आले ते १९७८ मध्ये. वसंतदादांबरोबर नाशिकराव तिरपुडे. दोन काँग्रेसचं संयुक्त सरकार होतं, दुसऱ्या काँग्रेसचा मान म्हणून हे पद. सरकार चार महिन्यांतच पडलं, पण पद्धत रुजली. राज्यघटनेत या पदाचा उल्लेख नाही, तरी आघाडी किंवा युती म्हटली की हे पद आलंच. पण ते पहिल्याची जागा घेण्यासाठी नसतं. १९९९ मध्ये मनोहर जोशी गेले, नारायण राणे आले, उपमुख्यमंत्री गोपीनाथराव मुंडे जागेवरच राहिले. २००३ मध्ये आपले विलासराव गेले, सुशीलकुमार आले, छगन भुजबळ तेव्हा उपमुख्यमंत्रीच होते. खुर्ची रिकामी झाली तरी ती दुसऱ्या पक्षाची असते, म्हणून शेजारच्या खुर्चीवरचा माणूस उठून तिथं बसत नाही.

आणि मजा अशी, की मुंबईत जे नाही ते आपल्या गावात आहे. सरपंच नसेल तर उपसरपंचानं काम बघायचं, हे कायद्यातच आहे. पण उपसरपंच ठरतो कसा? सरपंचपदाचं आरक्षण सोडतीत निघतं, उपसरपंचपदाला आरक्षण नाही. म्हणून सरपंचपद महिलेला सुटलं की गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांचा डोळा उपसरपंचपदावर. मग पॅनेलप्रमुख भावकी मोजतो, वाडा मोजतो, खर्च कोण करणार ते बघतो. चौघांना शब्द दिलेला असतो, मग सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी. मी एका गावात पाच वर्षांत चार उपसरपंच पाहिले. चौथ्याला दप्तर समजावून सांगेपर्यंत मुदत संपली.

दुसऱ्या एका गावाचं सांगतो. नाव घेत नाही, त्या गावचे दोघं इथं पुढच्याच रांगेत बसलेत. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तो. मार्च अखेरीस सरपंच अचानक वारले. माणूस चांगला होता, रोज पहाटे विहिरीवर जाऊन पाणी बघायचा. उपसरपंच चाकणला कंपनीत कामाला. त्याला केलं होतं कारण त्याच्या भावकीची दोनशे मतं होती. तोही बिचारा वाईट नाही. पण रजा मिळेना, रात्रपाळी. टँकरचा प्रस्ताव, विहीर अधिग्रहणाचे कागद, सगळं त्याच्या सहीपाशी अडलेलं. मी फोन करायचो, तो म्हणायचा, "भाऊसाहेब, रविवारी येतो." रविवारी यायचा, सह्या करायचा आणि सोमवारी पंचायत समितीत त्रुटी निघायची. मग पुढचा रविवार. नवा सरपंच निवडायची सभा लागेपर्यंत बायका दीड-दोन किलोमीटरवरून हंडे आणत होत्या. त्यातल्या एकीनं मला ग्रामपंचायतीच्या पायरीवर विचारलं, "उपसरपंच म्हणजे काय असतं हो भाऊसाहेब?" कायद्यातलं उत्तर मला पाठ होतं. पण तिच्या डोक्यावर रिकामी घागर होती, मी ते उत्तर दिलं नाही.

आपल्या बॅचमधले तिघंजण पॅनेल चालवतात, दोघी सरपंच होऊन गेल्या. जेवणाच्या पंगतीत एकानं मला हळूच सांगितलं, यंदा आमच्याकडे महिला राखीव आहे, वहिनींना उभं करतोय, उपसरपंच मीच. मी त्याला म्हटलं, वहिनींना दप्तर वाचायला शिकव आणि उपसरपंच दुसऱ्या कुणाला कर. तो हसला. मी गंमत करत नव्हतो.

त्या टँकरच्या गावात पुढची निवडणूक लागली तेव्हा मी बदलून दुसरीकडे होतो. प्रचारसभेला मुद्दाम गेलो. पारावर दोन्ही पॅनेलचे लोक, सरपंचपदावर भाषणं चाललेली. मागून एका म्हातारीनं आवाज दिला, "ते राहू द्या. उपसरपंच कोण करणार ते सांगा, आन् तो गावात राहतो का?"