जनपथावरील फ्रीमेसन्स हॉल

नवी दिल्लीत जनपथावर, म्हणजे पूर्वीच्या क्वीन्सवेवर, फ्रीमेसन्स हॉल उभा आहे. ग्रँड लॉज ऑफ इंडिया या फ्रीमेसन बंधुसंघाचे मुख्यालय येथेच आहे. या वास्तूमागच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान मात्र मुंबईत लिहिले गेले.

भारतातले पहिले लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची स्थानिक शाखा, १७३० च्या सुमारास कलकत्त्यात निघाले. बंधुभावाची शपथ घेणाऱ्या या गोऱ्या मंडळींनी पुढे शतकभर एतद्देशीयांना जवळजवळ दारातही उभे केले नाही. अर्काटच्या नवाबपुत्रासारखे अपवाद विरळा. मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी कर्सेटजी यांना भारतात नकार मिळाला, तेव्हा त्यांनी थेट पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत काढले. दोनच वर्षांपूर्वी बर्न्स यांचे दोन भाऊ काबूलमधील ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात मारले गेले होते. तरीही त्यांनी मनात अढी धरली नाही, ही गोष्ट फार मोठी आहे.

हिंदूंची वाट आणखी बिकट होती. अनेक देव मानणारा माणूस एका परमेश्वरावर श्रद्धा असल्याचे कसे सांगणार, असा आक्षेप असे. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी नऊ वर्षे चिकाटीने झगडून १८७२ मध्ये प्रवेश मिळवला.

स्वातंत्र्यानंतरही लॉजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या ग्रँड लॉजांच्या अधिपत्याखाली होती. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. काही लॉजे मात्र जुन्याच छत्राखाली राहिली.

लॉजच्या दालनात काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी असते आणि प्रमुखाचे आसन पूर्वेला मानलेले असते. सभा चालू असताना दाराबाहेर नंगी तलवार घेतलेला रक्षक उभा राहतो. उत्तर भारतात लोकांनी अशा इमारतींना ‘जादूघर’ म्हटले ते या बंद दारांमुळेच. आत मात्र गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब आणि अवेस्ता यांना सारखाच मान आहे. नवा सभासद आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला तेथे मनाई आहे.