पुढची ओढ कीं मागचा रेटा?

शहाद्याहून तोरणमाळची वाट धरली म्हणजे प्रथम तापीखोऱ्यांतील काळी, सपाट जमीन लागते. मग सातपुडा समोर उभा राहतो आणि रस्ता वळणें घेत सुमारें ११५० मीटर उंचीवरील पठाराकडे चढूं लागतो. अशा चढावर, पावसानें भिजलेल्या मुरमांत, पुढचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरूं लागलीं कीं मोटार हांकणाराच्या मनांत एक प्रश्न हटकून येतो: इंजिनाची शक्ति पुढच्या चाकांकडून काढून मागच्या चाकांना देतां येणार नाहीं काय? प्रश्न कारागिराचा दिसतो खरा. पण नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत कांहीं पाड्यांवरून आजहि आजाऱ्याला बांबूच्या झोळींतून सडकेपर्यंत आणावें लागतें. तेथून पुढें मोटार घाट चढेल कीं नाहीं, यावर एखाद्याचे प्राण अवलंबून असूं शकतात.

बैल गाडीच्या पुढें राहून ती ओढतो, हातगाडीवाला मागें राहून ती रेटतो. मोटारींतहि हे दोन्ही प्रकार आहेत. आपल्याकडील जुनी अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत पूर्वी होणारी फियाट या दोन्ही मागच्या रेट्याच्या होत्या. परदेशांत सित्रोएन कंपनीनें १९३४ सालीं पुढच्या ओढीची मोटार मोठ्या प्रमाणावर काढली. १९५९ सालच्या इंग्लिश मिनी मोटारींत इंजिन आडवें बसवून बरीच जागा वांचविली गेली. हीच पद्धति डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० बरोबर आपल्या घरोघरीं आली. तिचे फायदे उघड आहेत. लांब दांडा नको, मागें जड आंस नको; मोटार हलकी होते, आंत जागा वाढते, आणि इंजिनाचें वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडल्यामुळें सपाटीवर पकडहि चांगली मिळते.

चढावर मात्र हिशेब बदलतो. समजा, माणसें व सामान धरून मोटारीचें वजन १००० किलो असून सपाटीवर तें पुढें-मागें निम्मेंनिम्में आहे. आठास एक असा चढ लागला कीं सुमारें ३० किलो भार पुढून मागें सरकतो. म्हणजे पुढें ४७० व मागें ५३० किलो. निसरड्या मुरमावर चाकाची पकड भाराच्या तीन दशांश धरली, तर पुढचीं चाकें सुमारें १४० किलोंचा जोर लावूं शकतील आणि मागचीं सुमारें १६०. मोटार वर नेण्यास १२५ आणि मुरमाचा अडथळा मोडण्यास आणखी २० मिळून १४५ किलोंचा जोर हवा. पुढचीं चाकें थोडक्यांत हरतात, मागचीं थोडक्यांत जिंकतात! सारंगखेड्याच्या बाजारांतील घोडा चढ चढतांना पहावा. खरा रेटा तो मागच्या पायांनींच देतो.

मग बदल करावा काय? काम किती आहे तें पहा. आडवें इंजिन उभें फिरवावें लागतें. त्याला निराळी गिअरपेटी जोडावी लागते. शक्ति मागें नेणाऱ्या दांड्यासाठीं मोटारीची फरशी कापून बोगदा करावा लागतो. तेथें पेट्रोलची टांकी आड आली तर ती हलवावी लागते. मागें डिफरन्शियलसह नवी आंस, तिला साजेशा स्प्रिंगा व ब्रेक हवेत. पुष्कळ मोटारींत पुढच्या चाकाचें बेअरिंग आवळून धरण्याचें काम शक्ति आणणाऱ्या सांध्याचा दांडाच करीत असतो. तो निरुपयोगी समजून सबंध काढून टाकला, तर चाकच ढिलें होतें.

खुद्द मारुतीच्या कारखान्यानें काय केलें, हें फार बोधप्रद आहे. मारुती ८०० चें ७९६ घन सेंटिमीटरचें इंजिन घेऊन त्यानें १९८४ मध्यें व्हॅन काढली. तीच पुढें ओम्नी या नांवानें प्रसिद्ध झाली. इंजिन तेंच, पण तें पुढच्या बैठकीखालीं उभें बसविलें व शक्ति मागच्या चाकांना दिली. त्यासाठीं जुन्या मोटारीची चिरफाड केली नाहीं; सांगाडाच निराळा होता. याचा अर्थ असा कीं, हा बदल म्हणजे दुरुस्ति नव्हे; तें दुसरें वाहन निर्माण करणें होय.

कायद्याचेंहि म्हणणें तसेंच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, उत्पादकानें नमूद केलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी १९१९ नव्हे, २०१९ मध्येंच हें पुन्हां स्पष्ट केलें आहे. अपघात झाल्यास विम्याचा दावाहि अडचणींत येऊं शकतो, आणि त्याचा भुर्दंड जखमींच्या घरच्यांना बसतो.

तेव्हां ज्याला रोज घाट चढावयाचा आहे, त्यानें मुळांतच मागच्या किंवा चारी चाकांना शक्ति देणारें वाहन घ्यावें. पुढच्या ओढीची मोटार असेल त्यानें टपावरचें व मागचें ओझें कमी करावें आणि टायर झिजूं देऊं नयेत. अगदींच अडलें, तर उतारूंना उतरवून, मागें माणूस उभा करून न ठेवतां बाजूनें खुणा करावयास सांगून, तेवढा आंखूड चढ मोटार उलटी नेऊन चढावा. मग ओढणारीं चाकें उताराच्या बाजूला येतात आणि भार त्यांच्यावर पडतो.

आणि एक गोष्ट विसरूं नये. वर चढतांना चाक घसरलें तर बहुधा खोळंबा होतो. खालीं उतरतांना ताबा सुटला तर दरी समोर असते. उतारावर ओढ पुढची कीं मागची, याला फारसें महत्त्व उरत नाहीं. तेथें खालचा गिअर, निर्दोष ब्रेक आणि बेताचीं माणसें हींच तारतात. मोटार कापण्यास जो पैसा जावयाचा, तो ब्रेक व टायर यांवर खर्च झाला, तर सातपुड्याच्या वाटेवरील उतारू सुखरूप घरीं पोंचतील.