लॉजमधले वाचन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर पदरात घ्या.

गेल्या वर्षी ह्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन मिरजेला झाले. नंतर आठ दिवस पालथे निजून राहायचे, मान वर करायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. रोज तपासणी असल्यामुळे आम्ही जवळच एका लॉजमध्ये खोली घेतली. निघताना मंडळाच्या कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ नेले होते, तेवढीच सोबत.

पहिल्या दिवशी मला चैनच पडेना. चूल नाही, धुणे नाही. चहासुद्धा पोऱ्या आणून देई! लग्नाला बावीस वर्षे झाली, पण दिवसाउजेडी हात रिकामे असे कधी बसले नव्हते. ह्यांना तर नजर येते की जाते याचा घोर. दोघेही गप्प. शेवटी मी पुस्तक उघडले आणि मोठ्याने वाचू लागले.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा ठाऊक नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांकडून. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली. केवढे हे दुःख! पण बाई रडगाणे गात नाहीत, स्वतःच्या फजितीलाही हसतात. त्यांच्या वडिलांच्या कडक सोवळ्याची हकीकत वाचली, तेव्हा हे उशीत तोंड खुपसल्या खुपसल्या हसले. ऑपरेशननंतर प्रथमच.

चौथ्या दिवशी हे म्हणाले, “तुला इतके चांगले वाचता येते, हे मला ठाऊकच नव्हते.”

मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. ह्यांना कळणार तरी कसे? घरी दुपारी पुस्तक हातात धरले, की “काम नाही वाटतं?” असे कोणी ना कोणी विचारी. खरे सांगू? कोणी विचारले नाही, तर मीच स्वतःला विचारी आणि पुस्तक मिटून तांदूळ निवडायला बसे. दोष एकट्या घरच्यांचा नाही, भगिनींनो.

पुस्तक संपले नाही, पण आठ दिवस संपले. देवदयेने नजर बरीचशी परत आली. आता हे स्वतः वाचू शकतात. तरीही रात्री जेवणे झाली, की म्हणतात, “आण तुझ्या लक्ष्मीबाईंना.” भांडी तशीच राहतात आणि आम्ही दोन पाने वाचतो. हल्ली सूनबाईही दाराशी येऊन बसते. ‘काम नाही वाटतं’ असे तिला मी कधी म्हणणार नाही, असे ठरवले आहे.

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. प्रवासाला निघताना दशम्या-चटणीबरोबर पिशवीत एक पुस्तक असू द्या. आणि परत आल्यावर ते फडताळात टाकू नका. रिकामा वेळ मला लॉजमध्ये सापडला. तुम्ही तो घरातच शोधा. मंडळाचे कपाट आपलेच आहे.