मूत्रपिंडाचा कर्करोग : समज आणि उपचार



ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आपल्या वस्त्यांत लघवीतून रक्त गेले की आपण "उष्णता झाली" म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी पितो. दोन दिवसांनी रक्त थांबते, दुखतही नाही, आपण विसरतो. धोका नेमका इथेच आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगात रक्त बहुधा वेदनेविना जाते व मध्येच थांबते. थांबले म्हणजे बरे झाले, असे नव्हे. लघवीची तपासणी व सोनोग्राफी करावीच.

गाठ मूत्रपिंडापुरती असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. गाठ लहान असल्यास बहुधा तेवढाच भाग काढतात. संपूर्ण मूत्रपिंड काढले तरी दुसरे निरोगी मूत्रपिंड काम सांभाळते. नेहमीची केमोथेरपी येथे फारशी उपयोगी पडत नाही. रोग पसरल्यास गेल्या वीस वर्षांत आलेल्या लक्ष्यवेधी गोळ्या व इम्युनोथेरपी अनेकांचे आयुष्य वाढवतात.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून सेवेत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार आहेत; शिधापत्रिका जपून ठेवू या. विडी-सिगारेट सोडू या, रक्तदाब तपासून घेऊ या. विद्यार्थ्यांनो, हे आजच घरी सांगा. लाजेपायी आपले माणूस गमावू नये, एवढीच आमची विनंती.