घरातील संगणक : नवा घ्यावा की जुना राखावा?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात यवतमाळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी या प्रसंगी संगणकाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली. विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांना वाटले असेल की, हा दुकानदारांचा विषय ज्ञातिमेळाव्यात कशासाठी? परंतु आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील आठ संगणक मोडीत काढून त्यांच्या जागी नवे घ्यावेत आणि त्याचा खर्च शिष्यवृत्ती निधीतून करावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्या निधीवर कोणा ना कोणा होतकरू मुलामुलींचे शुल्क अवलंबून असते. तेव्हा मत देण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घेणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

प्रथम थोडी व्याख्या करू. आपला जिल्हा कापसाचा. जिनिंग फॅक्टरी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तेथील रेचे, मोटारी व पट्टे म्हणजे संगणकाचे हार्डवेअर. सरकी वेगळी करणे, गठाण बांधणे ही जी निरनिराळी कामे चालतात, ती म्हणजे सॉफ्टवेअर. आणि कोणते यंत्र केव्हा चालवावयाचे, माल कोठे ठेवावयाचा, फाटकातून कोणास आत सोडावयाचे हे पाहणारा जो व्यवस्थापक, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. यंत्रे धडधाकट असूनही व्यवस्थापक निवृत्त झाला, तर कारखाना त्या दिवशी बंद पडत नाही. पण फाटकावरची राखण मात्र सैल होते. आज अनेक घरांतील संगणकांची नेमकी हीच अवस्था झालेली आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत झाली. तिची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असा नव्हे. प्रणालीत सापडणाऱ्या उणिवा बुजविण्यासाठी कंपनी दरमहा जी दुरुस्ती विनामूल्य पाठवीत असे, ती थांबली, इतकाच त्याचा अर्थ. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने काही अटींवर वाढीव संरक्षणाची सोय केली. परंतु तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. ती सोय म्हणजे विचार करण्यास मिळालेला अवधी होय. कायमचा तोडगा नव्हे.

मग विंडोज ११ का घालू नये? ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्यासाठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणूक लागते. हे बहुतेक संगणकांत असते. अडचण दुसरीकडे आहे. तिला टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पिढी ओळखणे अवघड नाही. प्रोसेसरचे नाव आय५-७२०० असे असेल तर तो सातव्या पिढीचा. आय५-८२५० असेल तर आठव्या. हे नाव संगणकातील सेटिंग्ज, सिस्टीम आणि अबाउट या मार्गाने गेल्यास कोणासही वाचता येते. आमची विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी स्वतः पाहावे आणि मगच बाजारात जावे.

ही विनंती आम्ही का करतो, ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्याच समाजातील एका शेतकरी कुटुंबाने मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी लॅपटॉप घेतला होता. पुढे तो मंद चालू लागला. एका दुकानदाराने त्यांना सांगितले की, याची प्रणाली आता बाद झाली, हा भंगारात द्या आणि हप्त्याने नवा घ्या. सोयाबीन विकून आलेला पैसा त्यात जाणार होता. मुलीने तो लॅपटॉप वसतिगृहात आणून दाखविला. प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ साठी पात्र होता. मंदपणाचे कारण जुनी फिरती हार्ड डिस्क एवढेच होते. ती काढून एसएसडी बसविली आणि रॅम ४ जीबीची ८ जीबी केली. तोच लॅपटॉप आज तिच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पार पाडीत आहे.

यातील कारणमीमांसा समजून घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा त्यांवरील मजकूर शोधीत फिरतो. एसएसडीत फिरणारा भागच नाही. चिपेतून मजकूर तत्काळ मिळतो. म्हणूनच जुन्या संगणकास नवजीवन देण्याचा पहिला उपाय एसएसडी आणि दुसरा रॅम, हा क्रम ध्यानात ठेवावा. मात्र २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव वेगाने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड केंद्रांनी या चिपांचा मोठा वाटा उचलला, हे त्याचे मुख्य कारण. कापसाचा भाव परदेशच्या बाजारात ठरतो याचा अनुभव आपणांस आहेच. रॅमचेही तसेच आहे. तेव्हा जुन्या संगणकातील चांगली रॅम फेकून देऊ नये.

जे संगणक विंडोज ११ साठी अपात्र आहेत, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या सहस्रावधी जाणकारांनी त्यात भर घातली. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट ही त्याचीच रूपे. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने डेबियनच्या आधारे बॉस नावाची प्रणाली तयार केली असून ती भारतीय भाषांना अनुकूल आहे. या प्रणाली विनामूल्य मिळतात. पत्र, तक्ता व सादरीकरण यांसाठी लिबरऑफिस हा संचही विनामूल्य आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांनी अशा मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे अध्यापन चालविले आहे, ही गोष्ट आपल्या संस्थाचालकांनी अवश्य लक्षात घ्यावी.

मात्र मर्यादाही सांगितली पाहिजे. दुकानाचे हिशेब टॅलीत ठेवणाऱ्यांनी, ऑटोकॅडवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी, तसेच ज्यांच्या परीक्षेची वा कार्यालयाची सॉफ्टवेअरे विंडोजखेरीज चालत नाहीत त्यांनी विंडोजच ठेवावी. टंकलेखन परीक्षेस बसणाऱ्यांनी कळफलकाचा कोणता आराखडा लागतो, हे आपल्या संस्थेत आधी विचारून घ्यावे. आणि चोरीची, कुलूप मोडलेली विंडोज फुकट घालून देणाऱ्यांपासून सर्वांनी दूर राहावे. ज्याने कुलूप मोडले, त्याने आत आणखी काय ठेवून दिले, हे आपणांस कळत नाही.

येथे थोडे आपल्या प्रांताच्या कर्तृत्वाविषयी. संगणक ही केवळ परदेशची देणगी आहे, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० साली कार्यरत झाला. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८१ साली आला. १९८८ साली पुण्यास सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे. यवतमाळहून शकुंतला गाडी ज्या मूर्तिजापुरास जात असे, तोच हा तालुका. त्याच शकुंतलेचे १९२१ साली मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत चालले. नीट देखभाल असेल तर यंत्र किती काळ सेवा देते, याचा हा घरचाच दाखला होय.

मराठी अक्षर संगणकावर आणण्याच्या कार्यातही आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. श्री. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभिलेले जिस्टचे कार्य पुढे सी-डॅकमध्ये वाढले. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण १९९१ साली मानक संस्थेने स्वीकारले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणातही देवनागरीस स्थान मिळाले. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय घरोघरच्या संगणकापर्यंत येऊ लागली.

हा इतिहास आम्ही निष्कारण सांगत नाही. आपल्या मंडळाची जुनी कुटुंबसूची युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित झालेली आहे. तशा फॉन्टमध्ये आतली खूण इंग्रजी अक्षराचीच असते. वर दिसणारे रूप तेवढे देवनागरी. फॉन्ट नाहीसा झाला की, पणजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. वसतिगृहातील आठांपैकी एकाच संगणकावर तो फॉन्ट आहे आणि ही सूची तेथेच नीट वाचता येते. तो संगणक मोडीत गेला, तर अनेक वर्षे गावोगाव फिरून गोळा केलेली माहिती वाचणे दुरापास्त होईल. म्हणून कोणताही ठराव होवो, त्याआधी ही सूची युनिकोडमध्ये उतरवून, जाणत्या मंडळींकडून तपासून घेऊन, तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. आपल्या घरची छायाचित्रे, सातबारा आणि प्रमाणपत्रे यांनाही हाच नियम लावावा. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर.

ज्यांना नवा संगणक घेणे भागच आहे, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. रॅम निदान ८ जीबी, शक्य तर १६ जीबी असावी आणि ती पुढे वाढविता येते की बोर्डावर कायमची जडविलेली आहे, हे विचारावे. साठवणुकीस एसएसडीच असावी. दुरुस्तीचे केंद्र यवतमाळात आहे की प्रत्येक वेळी नागपूर वा अमरावती गाठावी लागेल, याची चौकशी करावी. आणि पक्के बिल घ्यावे. चकचकीत रंग, दिव्यांचा कळफलक आणि खेळांची जाहिरात यांस भुलू नये.

आपला उन्हाळा, धूळ आणि विजेचा लपंडाव हे संगणकाचे तीन शत्रू आहेत. गादीवर वा उशीवर लॅपटॉप ठेवल्यास त्याची हवा कोंडते. पंख्यात साचलेली धूळ वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, जाणकाराकडून काढून घ्यावी. टेबलावरील संगणकास यूपीएस असावा आणि घराचे अर्थिंग तपासलेले असावे. आम्ही पाहिलेल्या नादुरुस्त संगणकांपैकी पुष्कळसे वयाने नव्हे, तर उष्णतेने आणि विजेच्या झटक्याने बिघडलेले होते.

आणि दुरुस्ती हे हलके काम आहे, हा समज विद्यार्थ्यांनी सोडून द्यावा. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे श्री. कैलास काटकर शिक्षण सोडून गणकयंत्रे दुरुस्त करू लागले. त्यांचे बंधू संजय यांनी संगणकाच्या विषाणूंवर उतारा शोधणारे सॉफ्टवेअर लिहिले. त्यातून पुण्यात क्विक हील उभी राहिली आणि २०१६ साली तिचे समभाग बाजारात आले. यंत्र उघडून पाहण्याची जिज्ञासा ही पहिली पायरी होती.

आता ठरावाविषयी आमचे नम्र मत. आठांपैकी प्रत्येक संगणकाची तपासणी आधी व्हावी. पात्र असतील त्यांवर विंडोज ११ आणि नसतील त्यांवर लिनक्स घालावी, एसएसडी बसवाव्यात, जे खरोखरच निकामी असतील तेवढेच बदलावेत आणि ते रस्त्यावरच्या भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. हा खर्च मंडळाच्या चालू उत्पन्नातून भागू शकेल आणि शिष्यवृत्ती निधीस हात लावण्याची वेळ येणार नाही. तपासणीचे काम वसतिगृहातील विद्यार्थ्यांकडेच सोपवावे. तेच त्यांचे शिक्षण ठरेल. संगणक-खोलीची वेळ मुलांप्रमाणेच मुलींसाठीही राखून ठेवावी, अशीही आमची आग्रहाची सूचना आहे.

निर्णय अर्थातच आपला आहे. यंत्र नवे असो वा जुने, त्यापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क भरलेले असले पाहिजे, एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.