सोमवारची निळी गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नव्हे. शाळेत शिकवीत असताना मुलामुलींच्या आरोग्यतपासणीचे आणि गोळ्यावाटपाचे काम काही वर्षे मजकडे होते, एवढाच माझा अधिकार. वाढत्या वयाच्या मुलांच्या आयांना चार शब्द सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. पण उपदेश करण्याआधी माझी चूक सांगणे बरे.

२०१६ सालची गोष्ट. माझी धाकटी नववीत होती. घरी आली की अंथरुणावर पडायची. जिना चढताना धापा टाकायची. मी म्हणायची, "रात्री मोबाईल घेऊन जागतेस, मग दमशील नाही तर काय?" एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेआठ! या वयाच्या मुलीला ते निदान बारा असावे लागते. घरी येऊन तिचे दप्तर आवरले, तेव्हा तळाशी शाळेच्या तपासणीची चिठ्ठी सापडली. 'फिकेपणा आढळला, रक्त तपासून घ्यावे.' खाली पालकांची सही होती. ती माझीच! सकाळच्या गडबडीत न वाचताच मी ती ठोकून दिली होती. दुसऱ्यांच्या मुलींना दर सोमवारी गोळी देणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भगिनींनो, ही एका घरची कथा नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलगेही सुटले नाहीत, शंभरात ३१. झपाट्याने वाढणारे अंग, मुलींची मासिक पाळी, पोटातले जंत आणि अपुरे जेवण, ही त्याची मोठी कारणे. आणि आपल्या घरांतून बायकामुलींनी मागाहून उरलेसुरले खावे, ही रीत अजून कोठे संपली आहे?

सरकारी, नगरपालिकेच्या व अनुदानित शाळांतून सहावीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असते. वर्षातून दोनदा जंतांची गोळीही देतात. माझी मुलगी ती निळी गोळी गुपचूप टाकून देत असे. कारण एकदा मळमळले होते, आणि मैत्रिणींनी नाही नाही ते सांगितले होते. गोळी जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. शौचाला काळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा नको. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले लागते. ज्या घरी सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. आणि या गोळ्या तान्ह्या-रांगत्या मुलांच्या हाती कधीही लागू देऊ नका. जास्त पोटात गेल्या तर जीवावर बेतते.

आठवड्याची गोळी ही रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. झाल्यावर डॉक्टरांचे औषध वेगळे. माझ्या मुलीला रोजची गोळी काही महिने घ्यावी लागली. पाळी सात दिवसांहून अधिक लांबत असे, तेही तेव्हाच कळले. तिने सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. शाळेतून आलेली चिठ्ठी वाचल्यावाचून सही करू नका. मुलाला दमा, फिट किंवा मधुमेह असेल तर शिक्षकांपासून लपवू नका. वेळ आली तर तेच जवळ असतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस चुकवू नका. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, तेव्हा रात्री मोबाईल स्वयंपाकघरात ठेवा. आपलासुद्धा! मूल एकाएकी अबोल झाले, जेवेनासे झाले, तर रागावण्याआधी जवळ बसा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या क्रमांकावर सरकारी सल्ला फुकट मिळतो, आणि मराठीतही मिळतो.

आणि एक. आज घरी गेल्यावर मुलीच्या ताटाबरोबरच आपले ताट मांडा. आई शेवटी जेवते हे पाहून मुलगी तेच शिकते. माझी मुलगी आता नोकरी करते. परवा तिने मला विचारले, "आई, तुझे रक्त कधी तपासलेस ग?" मजपाशी उत्तर नव्हते. आपल्यापैकी किती जणींपाशी आहे?