डावखुऱ्याची बंदूक

(देवळा येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एक चिठ्ठी आली होती. "मी डावखुरा आहे. ज्वारीत रानडुकरे शिरतात. मला परवडेल अशी शिकारीची रायफल कोणती ते सांगा." चिठ्ठी वाचली आणि सभेत हशा पिकला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. नंतर लक्षात आले, यात हसण्यासारखे काहीच नाही. चिठ्ठी लिहिणारा माणूस कर्ज काढून हत्यार घ्यायला निघाला होता. चुकीचे घेतले असते तर पैसा गेला असता, कदाचित डोळा गेला असता, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडला असता ते वेगळेच. म्हणून आज त्या चिठ्ठीचे सविस्तर उत्तर देतो.

गिरणेच्या काठची ओल सोडली तर हा सगळा मुलूख कोरडवाहू. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडून आलेल्या मंडळींना कापूस आणि ज्वारीची राखण काय असते ते आम्ही सांगायला नको. ज्वारी चिकात आली की डुकरांचा कळप एका रात्रीत ताटे आडवी करतो. खातो थोडे, तुडवतो फार. विदर्भातल्या भावांच्या कपाशीत रोही म्हणजे नीलगाय शिरते, ती पाते आणि कोवळी बोंडे खुडते. आम्ही कृषी पदवीधर. कीड कशी ओळखायची, फवारणी कधी करायची हे आम्हाला कॉलेजात शिकवले. रात्री दोन वाजता शेतात कळप शिरला तर काय करायचे, हे मात्र कोणत्याच तासाला शिकवले नाही.

पहिली गोष्ट. चिठ्ठीत 'शिकारीची' असा शब्द आहे, तो आधी काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीची दारे पुरती बंद झाली. आता उरली आहे ती फक्त कलम ११ ची वाट. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाले असेल, तर वनखाते कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकते. रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत पिकाचे कारण चालते. काळविटाबाबत चालत नाही. येवल्याकडच्या ममदापूरच्या माळावरची काळविटे तुमच्या शेतात आली तरी पिकासाठी त्यांच्यावर बार काढता येत नाही. मोर आणि बिबट्या यांचेही तेच. त्यांच्या नुकसानीसाठी पंचनामा करून भरपाई मागायची.

आणि हेही ध्यानात ठेवा की बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. पहिला कागद जिल्हाधिकाऱ्याकडून, दुसरा वनखात्याकडून. एक आहे म्हणून दुसऱ्याची गरज नाही असे समजणारे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मारलेले जनावरही आपले नसते, ते सरकारचे. वाटा घालून खाल्ले की गुन्हा झाला.

दुसरी गोष्ट, रायफलच का? सिनेमात पाहिली म्हणून? १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ आम्ही तुमच्यासाठी वाचून आलो आहोत. पीक राखण्यासाठी नागरिकाने ठासणीची बंदूक मागितली तर परवाना 'द्यावा' असे त्यात म्हटले आहे. 'वाटल्यास द्यावा' असे नाही. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. या कलमात शेतकऱ्याच्या बाजूने जेवढे आहे ते गुळगुळीत नळीसाठी आहे. रायफल मागाल तर गरज वेगळी सिद्ध करत बसावे लागेल.

कायदा बाजूला ठेवला तरी रायफल आपल्या रानात नको. तिच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. गोळी गरगरत, सरळ आणि लांब जाते. लहानशी बावीस बोअरची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मोठ्या रायफलीची त्याच्या कितीतरी पुढे. आपल्या शेतांतून वस्त्या विखुरलेल्या आहेत. बाजूच्या माळ्यावर कोणी राखणीला बसलेला असतो, कांद्याच्या चाळीपाशी कोणी झोपलेला असतो. अंधारात चुकलेली गोळी कोणाच्या घरात शिरेल? बारा बोअरच्या मोठ्या छर्ऱ्यांचा भरवशाचा पल्ला तीस-पस्तीस मीटरचा. चुकलेला छर्राही त्याच्या बराच पुढे जाऊन इजा करतो, पण रायफलीच्या गोळीसारखा पलीकडच्या शिवारात पोचत नाही. राखणीला पल्ला कमी असणे हाच गुण आहे.

आता डावखुऱ्याकडे येऊ. उजव्या हाताच्या माणसाला जे कधी जाणवत नाही ते डावखुऱ्याच्या तोंडावर येते, हे आम्ही शब्दशः सांगतो. ठासणीच्या बंदुकीचा घोडा आणि टोपी सहसा नळीच्या उजव्या अंगाला असतात. डावखुरा दस्ता डाव्या खांद्याला लावतो, त्याचा गाल दस्त्याच्या उजव्या बाजूला टेकतो. म्हणजे टोपी फुटते ती नेमकी त्याच्या चेहऱ्यासमोर. आमचा एक जोडीदार डावखुरा आहे. तरुणपणी त्याने दुसऱ्याच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक हातात घेऊन बार काढला. चूक दुहेरी झाली. टोपीची ठिकरी गालात घुसली. बोटभर वर लागली असती तर डोळा गेला होता. तो व्रण त्याच्या गालावर आजही आहे आणि तो या सभेत बसला आहे.

आपल्या सरकारी कारखान्यांत तयार होणाऱ्या ३१५ बोअरच्या रायफलीला बोल्टचा दांडा उजवीकडे असतो. डावखुऱ्याला दुसरा बार भरायचा तर चापावरचा हात काढून बंदुकीवरून पलीकडे न्यावा लागतो. समोर जखमी डुक्कर अंगावर येत असेल तर तेवढी सवड मिळत नाही. आपोआप काडतूस फेकणाऱ्या बंदुका रिकामे काडतूस उजवीकडे उडवतात, ते डावखुऱ्याच्या नाकासमोरून जाते. अमेरिकेत सॅव्हेजसारखे कारखाने डाव्या बोल्टची रायफल बेताच्या दरात विकतात. पण आपल्याकडे १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करणे बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. तेव्हा तो विचार सोडा.

मग उरते काय? मधून मोडणारी बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी. ती मोडली की काडतूस मागे येते, हाताने काढायचे. उजवे-डावे काही नाही. बहुतेक दुनळींचा खटका मानेवर मधोमध असतो, तो कोणत्याही अंगठ्याने सरकतो. उघडण्याची कळ उजव्या अंगठ्यासाठी केलेली असते, पण ती डाव्या हाताच्या बोटाने ओढायची सवय आठ दिवसांत होते. आणि ही बंदूक जुनी मिळते. घराघरांत आजोबांच्या नावाची दुनळी आहे. आजोबा गेले, नातवाला नको आहे, आणि ती परवानाधारक दुकानदाराकडे जमा होऊन पडली आहे. नव्या रायफलीच्या तुलनेत तिची किंमत फारच कमी. मात्र व्यवहार दुकानदारामार्फत आणि परवान्यावर नोंद करूनच करायचा. हातोहात घेतलेली बंदूक म्हणजे हातोहात घेतलेली बेडी.

जुनी घेताना चार गोष्टी पाहा. नळी उजेडाकडे धरून आतून गंज, खड्डा, पोचा आहे का ते पाहा. बंदूक मिटवून हलवा. सांध्यात खडखड वाजली तर परत ठेवा. चाप न ओढता घोडा सुटत असेल तर हात लावू नका. चौथी गोष्ट खास डावखुऱ्यासाठी. दस्ता बहुधा उजव्या माणसाच्या गालासाठी किंचित उजवीकडे वळवलेला असतो. रिकामी बंदूक डोळे मिटून डाव्या खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नजर नळीवरून सरळ गेली तर ती तुमची. बाजूने गेली तर परवानाधारक कारागिराकडून दस्ता वळवून घेता येतो का ते विचारा आणि तो खर्च किमतीत धरा.

याच्याही आधी एक चाचणी आत्ता इथेच करा. दोन्ही हात पुढे करा, पंजे जुळवून मध्ये छोटे भोक ठेवा. त्या भोकातून समोरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहा. आता डावा डोळा मिटा. घड्याळ गेले? मग तुमचा डावा डोळा जोरकस. राहिले? मग उजवा. काही माणसे हाताने डावरी आणि डोळ्याने उजवी असतात. त्यांनी उजव्या खांद्यावरून सराव करून पाहावा. जमले तर निम्मा प्रश्न सुटला.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, कशाला ही यातायात, तारेत करंट सोडू. भावांनो, त्या तारेला शेजारचे पोर चिकटते, पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच भाऊ चिकटतो. पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब डुकराआधी आपली गाय चावते. हे करू नका. संघटना अशा माणसाच्या पाठीशी उभी राहणार नाही, हे आम्ही आजच सांगून ठेवतो.

पण कायद्याने चालणाऱ्याच्या पाठीशी ती नक्की उभी राहील. म्हणून गावी गेल्यावर तीन कामे करा. प्रत्येक गावात एक नोंदवही ठेवा. तारीख, गट नंबर, पीक, जनावर कोणते, किती क्षेत्र गेले, हे सगळे त्यात लिहा. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जो अर्ज द्याल त्याची पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असे समजा. आणि बंदुकीचा परवाना नाकारला तर लेखी कारण मागा. कलम १८ खाली अपील करता येते. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. २०१९ आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुका ऐन खरिपाच्या सुगीत आल्या. ज्या महिन्यात राखण हवी त्याच महिन्यात हत्यार ठाण्यात! तेव्हा सवलतीचा अर्जही वेळेवर द्या.

चिठ्ठी लिहिणारा भाऊ आज आला असेल तर त्याला आमचे उत्तर हे. रायफल नको. दोन्ही कागद हातात आल्यावर, आपल्या खांद्याला बसणारी जुनी दुनळी घे. तोवर दिवा, डबा आणि शेजारी, तिघांना घेऊन राखण कर. एकटा जाऊ नकोस. ज्वारी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते, डोळा पुन्हा पेरता येत नाही.